सेवकरामच्या घरची वाजवणी

सेवकरामचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. पवनी रोडवरच्या राईस मिलचा बॉयलर त्याच सुमाराला पेटायचा आणि पहिला ट्रक उजाडायच्या आत भरून निघाला पाहिजे, असा मालकाचा हुकूम होता. आम्ही दोघं एकाच टोळीतले हमाल. घरंही एकाच गल्लीत. मी त्याच्या दारावरून जाताना खोकायचो, तो बाहेर यायचा. बोलणं नाही. सायकलवर टांग टाकायची आणि तलावाच्या पाळीवरून मिलकडे.

पोतं पाठीवर घेतात असं लोकांना वाटतं. तसं नाही. पोतं मानेच्या बुडाशी, दोन खांद्यांच्या मधल्या खळग्यात घेतात आणि पायांनी वाहतात. ज्याला हे समजलं नाही तो दोन हंगामांत घरी बसला. सेवकराम अंगानं बारीक होता, पण त्यानं कधी पोतं आपटलं नाही आणि कधी दांडी मारली नाही. मुलाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही तो हळदीच्या हातानं कामावर आला होता. आमचा मुकादम आनंदराव त्याला म्हणाला, "अबे, आजच्या दिवस तरी घरी राहायचं."

"एक दिवस सुटला का आंग आळस धरते," सेवकराम म्हणाला आणि पोत्याखाली गेला.

असा माणूस म्हातारपणाकडे झुकताना घरात भांडी वाजवायला लागेल, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पहिल्या दिवशी मी काठी घेऊनच धावलो. दिवेलागणीची वेळ होती. त्याच्या घरातून भांडी आपटल्याचा, सूप झोडपल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, सासू-सुनेचं लागलं. दार ढकललं आणि उभा राहिलो. सेवकराम भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, उपडा घालून बडवत होता. त्याची बायको धुरपता सुपावर चिमटा मारत होती. सून रूपा कुकरच्या झाकणावर पळी वाजवत होती. आणि नात डिंपल, तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली, धान मोजायच्या पायलीवर दोन्ही मुठींनी बडवत होती. चौघांचीही तोंडं गंभीर होती.

"काय चाललं गा?" मी विचारलं.

"वाजवून राहिलो."

"कायले?"

"असंच. काठी ठेव कोपऱ्यात. ते टमरेल घे आन् बस, नत्थूभाऊ."

मी बसलो नाही. मला त्या घराची काळजी वाटली.

नंतर त्यानं कारण सांगितलं. मुलगा निकेश नागपूरकडे कंपनीत कामाला गेला होता, सणावारी यायचा. तो गेल्यापासून जेवण झालं की घरातली माणसं वेगवेगळ्या भिंतींकडे तोंड करून बसत. रूपा मोबाइलमध्ये, धुरपता जपमाळेत. पोरगी मुळातच कमी बोलणारी. तीन-चार वर्षांची असताना तिला मोठा ताप आला होता. त्यानंतर ती आणखीच कमी बोलायची आणि बोलताना अक्षरं खायची. "आईवर गेली," धुरपता म्हणायची. "माह्यावर कशी जाईल, आत्याबाई?" रूपा म्हणायची. रूपाचं माहेर शहापूरचं, आणि तिकडची माणसं बोलण्यात कोणाला हार जात नाहीत.

सेवकरामला गाता येत नव्हतं. गावच्या भजनी मंडळानं त्याला एकदा हात जोडून बाहेर काढलं होतं. तरी त्यानं हे काम अंगावर घेतलं, आणि कसं घेतलं ते पाहून मी थक्क झालो. तो ते मिलच्या कामासारखं करायचा. रोज. जमो की न जमो. जेवण झालं, ताटं उचलली की सुरू.

नुसतं बडवणं दोन दिवसांत कंटाळवाणं होतं, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. मग त्यानं कायदे केले. काल जे वाजवलं ते आज हातात घ्यायचं नाही. त्यामुळे घरातली एकेक वस्तू बाहेर आली. चाळणी, पाटा, विळ्याची मूठ, किल्ल्यांचा जुडगा, एकदा तर मच्छरदाणीचे दांडके. कधी सगळ्यांनी मिळून सुरू करायचं आणि एकेकानं हात काढून घ्यायचा. शेवटी जो उरला त्यानं एकट्यानं ताल धरून ठेवायचा. हे ऐकायला सोपं आहे. मी करून पाहिलं. दुसरे थांबले की आपला हात धावायला लागतो.

कधी दिवसाची ओळ गायची. आज घडलं ते एका ओळीत, आणि खरं असलं पाहिजे. आवाजाला हसायचं नाही, ओळीला हसलं तर चालेल. धुरपतानं एकदा गायलं, "बकरीनं खाल्ली माह्या लुगड्याची किनार, बकरी कोनाची ते मले मालूम हाय." बकरी माझी होती. मी बाहेरून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दावं बदललं. डिंपल ओळ गायची नाही. ती दिवस वाजवून दाखवायची. शाळेची घंटा, तलावात उड्या मारणारी बेडकं.

सगळ्यांत जास्त हसू चालीच्या खेळाला यायचं. गावातल्या एखाद्याचं चालणं वाजवायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. एकदा आनंदराव मुद्दाम टोमणा मारायला आला. "लग्नाची सुपारी घेता का गा, सेवकराम? माह्या साळ्याकडं बँड लागते."

डिंपलनं त्याच्याकडे पाहिलं आणि पायलीवर वाजवलं. एक जड, एक हलका, मध्ये घसट. आनंदरावचा उजवा पाय ट्रकच्या फाळक्याखाली आलेला. आनंदराव आधी लाल झाला, मग म्हणाला, "थांब वो पोरी, घसट जास्त झाली." आणि बसून त्यानं स्वतः ती दुरुस्त करून दिली.

त्या घरात तालाला सगळ्यांत पक्की डिंपल होती. हे मी पैजेवर सांगितलं असतं.

हे सगळं जिथं चालायचं ती जागाही सांगायला हवी. सेवकरामचं घर मातीचं. मधल्या खोलीत जमिनीपासून वीतभर उंच सागवानी फळ्या टाकलेल्या होत्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. आमच्याकडे तलावाखालच्या गावांत जमिनीला ओल धरते, म्हणून धानाची पोती अशा फळ्यांवर ठेवतात. खालून हवा खेळते. पोती एका बाजूला आणि उरलेल्या फळ्यांवर ही मंडळी.

मग घरकुल मंजूर झालं. सगळ्या गल्लीला आनंद. सेवकराम तेव्हा मिलमधून निवृत्त झाला होता, मीही. साठी उलटली होती, गुडघे बोलायला लागले होते. मातीचं घर पाडलं, त्या जागी विटा-सिमेंटचं आलं. धुरपताच्या मनात एकच हौस होती, टाइल्स. पैसे पुरेनात, तेव्हा सेवकरामनं फळ्या विकल्या. पवनीच्या एका दुकानदारानं जुनं सागवान म्हणून हौसेनं घेतल्या. त्याच पैशांत गुलाबी ठिपक्यांच्या टाइल्स बसल्या. सिमेंटवर ओल चढत नाही, पोत्यांना फळ्या कशाला, असं आम्ही सगळेच म्हणालो. चुकीचं काही केलं असं एकालाही वाटलं नाही.

नव्या घरातल्या पहिल्याच वाजवणीला डिंपलचा ताल चुकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ती सगळ्यांच्या हातांकडे टक लावून पाहायची, मग घाईनं मारायची, आणि ते अर्ध्या हातानं मागे पडायचं. चालीचा खेळ आला तर उठून जायची. चार दिवसांनी तिनं पायली भिंतीवर फेकली.

"तुमी खोटं करता," ती ओरडली. "सगळे खोटं करता!"

कोणाला काही कळलं नाही. रूपाला वाटलं, बापाची आठवण येते. धुरपताला वाटलं, घराला नजर लागली. तिनं उंबऱ्यावर नारळ फोडला, चारी कोपऱ्यांत लिंबू ठेवलं. शेजारणी म्हणाल्या, पोरगी हट्टी झाली, एक चापट द्या. शाळेत ती पहिल्या बाकावर बसायची, फळ्यावरचं सुरेख अक्षरात उतरवायची. तिथून कधी तक्रार नव्हती.

सेवकरामनं त्याच्या पद्धतीनं विचार केला. पोरगी लाजते, आपल्या हातांकडे पाहून बावचळते. तेव्हा पाहणंच बंद करू. त्यानं नवा खेळ काढला. सगळ्यांनी डोळे मिटायचे. एकानं वाजवायचं, पुढच्यानं डोळे न उघडता तेच परत वाजवायचं. त्या दिवशी मी तिथं होतो. टमरेल माझ्या हातात होतं. मी आता नेमानं बसत होतो.

सेवकरामनं वाजवलं. रूपानं परत केलं. रूपानं वाजवलं, मी परत केलं, वाईट केलं. मग मी डिंपलसाठी वाजवलं. अगदी सोपं.

काही आलं नाही.

"डिंपल, तुही पाळी," सेवकराम म्हणाला.

काही नाही. मी पुन्हा वाजवलं. मग डोळे उघडले. धुरपतानंही उघडले होते. डिंपल मांडी घालून बसली होती. डोळे घट्ट मिटलेले, पायली मांडीवर, हात तयार. चेहऱ्यावर थोडं हसू. खेळ तिला आवडला होता.

"डिंपल," रूपानं हाक मारली. मग मोठ्यानं, "डिंपल!"

सेवकराम उठला. त्यानं गंज उचलला, लोखंडी झारा घेतला, तिच्या मागे गेला आणि तिच्या डोक्यामागे धरून गंजावर एक दणका दिला. दारातलं कुत्रं पळालं. कोंबड्या फडफडल्या. माझ्या दातांपर्यंत तो आवाज गेला.

डिंपल तशीच बसली होती. डोळे मिटून, हसत, आपली पाळी यायची वाट पाहत.

मी आयुष्यात मिलमध्ये माणूस पट्ट्यात सापडलेला पाहिला आहे. त्या वेळी मी ओरडलो होतो. इथं मी हातातलं टमरेल हळूच खाली ठेवलं. धुरपताचा हात तोंडावर होता. सेवकराम गंज धरून तसाच तिच्या मागे उभा होता.

भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मी सोबत होतो. डॉक्टर भला माणूस. त्यानं तिच्या कानांना यंत्रं लावून तासभर तपासलं. म्हणाला, तापानंतर ऐकू येणं हळूहळू गेलं असणार, आता फार थोडं उरलं आहे. पोरगी ओठ वाचते, म्हणून तुम्हाला कळलं नाही. मशीन मिळेल, थोडा फायदा होईल. पुढच्या तपासण्या नागपूरला. तिच्याशी समोर बसून, ओठ दिसतील असं बोलत राहा.

"पण ते ताल धरते, साहेब," सेवकराम म्हणाला. "आमच्यापेक्षा चांगला धरते."

डॉक्टरनं डिंपलला समोर घेतलं आणि हळूहळू विचारलं, घरी वाजवतात ते तुला कसं कळायचं?

डिंपलनं आधी आजोबांकडे पाहिलं. मग बुडाखाली हात लावून दाखवला. "खालून याचं," ती म्हणाली. "पायाले. इथं. आबाजीचं वेगळं, आईचं वेगळं."

"मग आता?"

"आता नाही येत. नव्या घरात ते वाजवतच नाही. नुसते हात हलवते." आणि रूपाकडे वळून, अगदी रागानं, "तुमाले खालून नाही येत का?"

रूपा उठून बाहेर गेली. त्या पोरीला वाटत होतं, सगळ्या जगाला असंच ऐकू येतं. आणि घरच्या माणसांनी नवीन घरात आल्यावर तिला खेळातून काढलं आहे, पण उघड सांगत नाहीत. आम्ही तिच्या पायांखालून फळ्या काढून विकल्या होत्या आणि वर टाइल्स किती गुळगुळीत बसल्या म्हणून हात फिरवून पाहिला होता. परतीच्या एसटीत सेवकराम खिडकीकडे तोंड करून बसला.

मशीन लागलं. मोटारसायकलचा हॉर्न, कुत्र्याचं भुंकणं तिला कळायला लागलं. भांड्यांचा मात्र नुसता गलका व्हायचा. दुखतं म्हणायची, संध्याकाळी मशीन काढून ठेवायची आणि जेवण होताच पांघरूण डोक्यावर घ्यायची. सेवकरामनं तिला खाटेवर बसवून पाहिलं, खाटेच्या दोऱ्या सगळं खाऊन टाकायच्या. तिचा हात गंजावर ठेवून पाहिला. तिनं काढून घेतला.

"मी का पाहुनी हाय?" म्हणाली. "तुमी खेळा."

ते ऐकल्यावर धुरपता स्वतःच म्हणाली, बंद करा. पोरीला दाखवून दाखवून वाजवायचं पाप नको. आणि मोठी भीती पुढेच होती. पोरगी आता बोलेनाशी झाली होती. डॉक्टरनं बोलत राहा म्हणून बजावलं होतं, आणि ती ओठांकडेच पाहायची नाही. मान फिरवली की तिचं जग बंद. ते बंद करायला ती शिकली होती.

सेवकराम पवनीला गेला. फळ्या परत द्या म्हणाला. दुकानदारानं काउंटर दाखवला. फळ्या कापून त्याचा काउंटर झाला होता, वर पॉलिश.

दिवाळीनंतर नवं धान मिलवर यायला लागलं, तेव्हा आनंदराव माझ्या घरी आला. येताना तो नेहमी बाहेरूनच आवाज द्यायचा. त्या दिवशी सरळ आत येऊन बसला. "नत्थू, तुया सेवकरामले समजाव. आज टोळीत येऊन उभा राहिला."

मी तसाच सायकल घेऊन गेलो. खरंच होतं. साठी उलटलेला माणूस, तरण्या पोरांच्या ओळीत, मानेवर पोतं. पाय वाकत होते, पण पोतं खळग्यातच होतं, जिथं असायला पाहिजे तिथं. त्यानं उतरवलं, आपटलं नाही. मी दंड धरला.

"मराचं हाय का तुले?"

"नाही."

"मंग? निकेशले सांग ना. पाठवंल तो."

"त्याचे पैसे तिच्या नागपूरच्या तपासण्याले लागते." त्यानं गमछानं मान पुसली. "फळ्या म्या इकल्या. निकेशनं नाही."

आनंदरावनं त्याला झाडलोटीचं, पोती शिवायचं हलकं काम देऊ केलं. हलक्या कामाची हलकी मजुरी. तो नाही म्हणाला. तरण्या पोरांनी आधी चेष्टा केली, "आजोबा, पेन्शन खतम झाली का?" महिनाभरानंतर चेष्टा थांबली. मी हे लिहितो ते कौतुकानं नाही. त्या वयात तसं काम करू नये. मी त्याला रोज सांगितलं आणि त्यानं रोज पोतं उचललं. हंगाम संपेपर्यंत त्याची मान एका बाजूला कलली होती, ती पुन्हा सरळ झाली नाही.

उन्हाळा लागताच एका सकाळी त्याच्या घरून घणाचे आवाज आले. गल्ली जमली. सेवकराम नव्या घरातल्या टाइल्स फोडत होता. गुलाबी ठिपक्यांचे तुकडे उडत होते. धुरपता टोपलीत भरून बाहेर टाकत होती, आणि तिचं तोंड पाहवत नव्हतं.

"बाप्पा! याचं डोकं गेलं," कोणीतरी म्हणालं. "सोन्यासारख्या फरश्या!"

"धुरपताबाई, अडवा ना वो त्याले!"

"मीच उकरायले लावल्या," धुरपता म्हणाली. "बाजूले व्हा, पायात घुसन."

दुपारी कोंढ्याचा सुतार बंटी सागवानी फळ्या भरलेला छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला. खोलीभर आडवे दांडे टाकले. मग तो थांबला आणि म्हणाला, "काका, खाली रेती भरू द्या. पोकळ राहिलं तर चालताना ढोलासारखं वाजंल."

"वाजलंच पायजे."

"अहो, मानसं बिना रेतीचं घेतच नाही."

"आमी घेतो," सेवकराम म्हणाला. "ठोक."

संध्याकाळी आम्ही बसलो. सेवकराम, धुरपता, रूपा, मी. भिंतीशी आनंदरावही पाय लांब करून. डिंपल पांघरूण घेऊन ओट्यावर पडली होती. तिला कोणी बोलावलं नाही. सेवकरामनं सक्त ताकीद दिली होती, हात धरून आणायचं नाही. आम्ही वाजवायला लागलो. माझा हात नीट पडत नव्हता. कोणाचाच पडत नव्हता.

बऱ्याच वेळानं ती पाणी प्यायला आत आली. एक पाय फळीवर टाकला आणि थांबली. दुसरा टाकला. खाली पाहिलं, मग आमच्याकडे, एकेकाच्या हाताकडे. रूपानं वाजवता वाजवता मान फिरवून घेतली. डिंपल गुडघ्यांवर बसली, मग पालथी झाली आणि गाल फळीला लावून पडून राहिली. आम्ही थांबलो नाही. थांबायची कोणाची हिंमत नव्हती.

मग ती उठून बसली. पदराच्या टोकानं धुरपता डोळे पुसत होती आणि एका हातानंच सूप वाजवत होती.

"आजी," डिंपल म्हणाली, "तू मांगं राहून राहिली."

"हो वो माय," धुरपता म्हणाली. "राहिली."

"दोन हातानं वाजव."

एका पूर्ण हंगामाची मजुरी. तिच्यात एका खोलीची लाकडी जमीन आली. दुसरं काही आलं नाही.